गुडघ्यासाठी तत्त्वज्ञान

वहिनींनी तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला तो डाव्या गुडघ्यामुळे.

पार्लरमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी त्याचा फोटो खिडकीपाशी धरून बघितला आणि म्हणाले, "पोहा. रोज पोहा. नाहीतर बसून राहा, आणि तुमचा स्वभाव बघता ते काही होणार नाही." शहरात धड म्हणावा असा तरणतलाव एकच, तोही विद्यापीठाच्या आवारात. विद्यार्थ्यांना फुकट, बाकीच्यांना पाय बुडवायचीही बंदी. तेव्हा वहिनींनी विद्यार्थी व्हायचं ठरवलं. लग्नाआधी घेतलेली पदवी कपाटात जुन्या पडद्यांखाली सापडली, ती पिशवीत घालून त्या प्रवेशाच्या खिडकीपाशी गेल्या.

"एम.ए.ला असा कुठला विषय आहे, जिथं मला कुणी नाही म्हणणार नाही?"

कारकुनानं मान वरसुद्धा केली नाही. "तत्त्वज्ञान. तिकडं तुम्हाला उचलून नेतील."

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. पार्लर त्या आणि त्यांची धाकटी नणंद अशा दोघी मिळून चालवत. नणंद दिवसभर "वहिनी कात्री, वहिनी टॉवेल" करायची, ते ऐकून गिऱ्हाईकंही वहिनी म्हणू लागली, आणि पुढं तर शेजारचा औषधवालाही. नवरा भिंती रंगवायची कंत्राटं घेई. बायको विद्यापीठात जाणार म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "पोहायला जा, हवं तर. पण ते विचारबिचार घरात आणायचे नाहीत. मला झोप लागते आहे तोवर लागू दे."

तत्त्वज्ञान विभागात शिक्षक तीन होते आणि विद्यार्थी एकही नव्हता. विभागप्रमुख थोरले सर, नीतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आणि तर्कशास्त्राचे धाकटे सर. थोरले सर आणि मॅडम बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण सत्याच्या स्वरूपावरून झालं असं सांगितलं जाई, पण मूळ विभागातल्या एकुलत्या एका फिरत्या खुर्चीत होतं. आदलं वर्ष रिकामं गेलेलं. हेही गेलं असतं तर नियमाप्रमाणे विभागाला कुलूप, आणि तिघांची रवानगी परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. सगळा विभाग देव पाण्यात घालून बसला होता, तेवढ्यात वहिनी लंगडत दारात आल्या.

तिघांनी तीन बाजूंनी तीन खुर्च्या पुढं केल्या. फिरतीसुद्धा.

"केवढी सभ्य माणसं!" वहिनींनी रात्री जेवताना सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनी त्या सभ्य माणसांकडं फिरकल्या नाहीत. ओळखपत्र हातात पडलं होतं. सकाळी पार्लर उघडायच्या आधी त्या तलावावर जायच्या, काठाला धरून पाय मारायच्या, मग हळूहळू पोहायला लागल्या. गुडघा कुरकुर कमी करू लागला.

इकडं विभागात तिघंही आपापल्या तासाला रिकाम्या वर्गात जाऊन बसत होते. शेवटी धाकटे सर शोधाला निघाले. त्यांनी आधी वाचनालय बघितलं, मग उपाहारगृह, आणि अखेर तलावाच्या जाळीतून आत डोकावले. पाण्यात त्यांचा संपूर्ण वर्ग उताणा तरंगत होता.

विभागाची तातडीची बैठक झाली. थोरले सर आणि मॅडम धाकट्या सरांच्या मार्फत एकमेकांशी बोलले. ठराव असा झाला, की विद्यार्थिनी ज्ञानाकडं येत नसेल तर ज्ञानानं विद्यार्थिनीकडं जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले सर तलावावर हजर झाले. कोट घातलेला, हातात पिवळ्या पडलेल्या टिपणांची चवड. तलावावरच्या शिट्टीवाल्यानं त्यांना बूट काढायला लावले. विजार घोट्याच्या वर दुमडून सर ओल्या फरशीवर उभे राहिले, आणि पोहणाऱ्या बाईमाणसाकडं बघणं बरं नव्हे म्हणून त्यांनी पाण्याकडं पाठ केली. भिंतीवरच्या निळ्या फरशांकडं तोंड करून ते शिकवू लागले. आवाज मात्र खणखणीत.

"ज्याला आपण पाणी म्हणतो, ते खरोखर तिथं आहे का? की ते फक्त आपल्याला तसं वाटतं?"

शिट्टीवाल्यानं हे ऐकलं आणि पाण्याबद्दल तक्रार आली असं समजून तो नळदुरुस्तीवाल्याला घेऊन आला.

वहिनींना पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कान पाण्याखाली ठेवले. पण उताणं पोहताना कान कुठवर बुडवणार? शिवाय सरांची हजेरी घ्यायची तऱ्हा अशी, की वहिनी या टोकाला पोचल्या की ते भिंतीला विचारायचे, "हजर?" आणि वहिनींना दम लागलेल्या आवाजात "हजर" म्हणावं लागायचं. हळूहळू त्यांना सवय झाली. सरांचं शिकवणं म्हणजे त्यांच्या मते रेडिओ लावून ठेवल्यासारखं होतं. कामात अडथळा नाही, आणि बंद केला तर चुकल्यासारखं वाटतं.

मग एका सोमवारी मॅडमची पाळी आली. क्लोरीननं त्यांना शिंका यायच्या, म्हणून नाकाला रुमाल लावूनच त्या शिकवत. पण मॅडम भिंतीकडं तोंड करून बोलत नसत. त्या काठावर खुर्ची ओढून बसल्या, सरळ वहिनींच्या डोळ्यांत बघत.

"समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं," मॅडम म्हणाल्या आणि शिंकल्या, "हेसुद्धा खोटंच. का? कारण त्या माणसाला खरं झेपणार नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलेलं असतं. तुम्ही त्याच्यावर दया करत नाही. तुम्ही त्याला मोजत नाही."

वहिनी पाण्याच्या मधोमध थांबल्या. पाय मारायचं विसरल्या, थोड्या बुडाल्या, खोकत काठाला आल्या.

"मॅडम, पुन्हा सांगा."

मॅडमना नोकरीच्या सबंध काळात हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी रुमाल खाली घेतला आणि पुन्हा सांगितलं.

वहिनींचा सगळा धंदाच बरं वाटण्यावर चालला होता. बँकेतल्या एक बाई महिन्याला डाय करायला यायच्या. दर वेळी आरशात बघून विचारायच्या, "केस अजून दाट आहेत ना गं?" आणि दर वेळी वहिनी म्हणायच्या, "अगदी. कॉलेजातल्या मुलींना नाहीत असे." त्या आठवड्यात बाई आल्या, त्यांनी विचारलं, आणि वहिनींच्या हातातला ब्रश थांबला.

"नाही. विरळ झालेत. वर टाळू दिसते."

बाई खुर्चीतून उठल्या, गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं अशा अवस्थेत रस्त्यावर चालत्या झाल्या.

"तुला काय वेड लागलंय का?" नणंद किंचाळली.

"मी त्यांचा मान राखला," वहिनी म्हणाल्या.

"मान राखलास? अगं, त्या बाईनं अर्धं डोकं घेऊन भर बाजारातून जावं, हा मान?"

पण वहिनींना चढलं होतं. चष्म्याचं नवं भिंग मिळालेल्या माणसासारख्या त्या दिसेल ते वाचत सुटल्या. एका नवऱ्या मुलीनं ओठांना लावून घेतलेला रंग दाखवत विचारलं, शोभतो ना? नाही, म्हणाल्या. मुलीच्या आईला त्यांनी न विचारताच मत दिलं. औषधवाल्याच्या बायकोला भुवया नको तिथं आहेत हे सांगितलं. घरी नवऱ्यानं स्वयंपाकघराला पुन्हा पिवळा रंग देऊन घामेजल्या चेहऱ्यानं विचारलं, "कसा झालाय?"

"कावीळ झाल्यासारखा."

"गेल्या वेळी तर आवडला म्हणाली होतीस!"

"गेल्या वेळी मी तुम्हाला मोजत नव्हते."

नवऱ्यानं बादली उचलली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. नणंदेनं गिऱ्हाईकांच्या वतीनं निकराचं बोलून घेतलं. "लोकांची अक्कल गुडघ्यात असते हे ऐकून होते. तुझी गुडघ्यापायी गेली." वहिनींना याचंसुद्धा वाईट वाटलं नाही. निदान नणंद खरं बोलत होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत वहिनी असह्य झाल्या होत्या. चार गोष्टी कळल्या की माणूस जसा होतो, तशा.

अशात समिती येणार असल्याचं पत्रक निघालं. विद्यापीठातल्या प्रत्येक विभागाचा विद्यार्थ्याला नेमका काय लाभ होतो, हे ती समिती तपासणार होती. अध्यक्ष सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले व्यवस्थापक. त्यांची ख्याती अशी, की त्यांना जे मोजता येत नाही ते नाहीच असं ते धरतात. इतिहासवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तत्त्वज्ञानवाल्यांच्या तोंडाला तर आधीपासूनच कोरड होती.

समितीला प्रत्येक विभागातल्या विद्यार्थ्यांशी बोलायचं होतं. म्हणजे इथं वहिनींशी.

तिघांनी त्यांना खोलीत बसवलं. थोरल्या सरांनी चहा स्वतः आणला. मॅडमनी एक कागद पुढं सरकवला.

"हे एवढं पाठ करा. 'मला लहानपणापासून सत्याची ओढ होती. संसारात राहूनही जीवनाचा अर्थ काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता.' आणि इथं थोडं थांबायचं. 'या विभागानं मला दृष्टी दिली.'"

वहिनींनी वाचलं. "पण मी तर पोहायला आले."

"ते समितीला सांगायचं नाही," धाकटे सर घाईनं म्हणाले.

वहिनींनी मॅडमकडं बघितलं. "मॅडम, त्या सोमवारी तुम्ही शिकवलंत ते खरं, की आज सांगताय ते?"

मॅडमचे कान लाल झाले.

"ते तत्त्व आहे," त्या म्हणाल्या. "हा विभाग आहे."

थोरल्या सरांनी मान डोलावली. बऱ्याच वर्षांत प्रथमच त्या दोघांचं एकमत झालं होतं.

समितीसमोर वहिनी साडीचा पदर नीट करून बसल्या. दार पुरतं लागत नसे, त्या फटीला बाहेरून धाकट्या सरांचा कान होता आणि त्यांच्या मागं उरलेले दोघे उभे होते.

"हा विषय का घेतलात?" अध्यक्षांनी विचारलं.

वहिनींच्या डोळ्यांसमोर तो पाठ केलेला कागद आला. अर्धी डाय केलेल्या बाई आल्या. बाहेरच्या खोलीत एकटा बसलेला नवराही आला.

"गुडघ्यासाठी," त्या म्हणाल्या.

फटीपलीकडं कुणीतरी सुस्कारा टाकला.

"म्हणजे?"

"डावा गुडघा गेला होता. पोहायला सांगितलं होतं. इथला तलाव फुकट आहे, म्हणून प्रवेश घेतला. सत्याची ओढबिढ काही नव्हती."

अध्यक्षांनी पेन उघडलं. "मग आता गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. जिना चढते. मांडी घालून बसते."

"दाखवा बघू."

वहिनींना आधी कळेना. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसल्या. टेबलामुळं दिसत नव्हतं, म्हणून समितीचे तिघेही उभे राहून वाकून बघू लागले. वहिनी कशाचा आधार न घेता उठल्या. समितीतला एक जाडसा सदस्य, जो सकाळपासून पाय लांब करून बसला होता, तो परत बसला तो एकदम सावरून.

"इतिहास विभागात आम्हाला सांगण्यात आलं की दृष्टी व्यापक होते," अध्यक्ष म्हणाले. "साहित्यात म्हणाले, संवेदना तरल होते. किती व्यापक, किती तरल, विचारलं तर सगळे छताकडं बघतात. इथं निदान काहीतरी वाकतंय."

"पण साहेब," वहिनी कळवळून म्हणाल्या, "त्याचा तत्त्वज्ञानाशी काही संबंध नाही. ते पोहण्यानं झालं."

"पोहताना काय चालू असायचं?"

"सरांचं, नाहीतर मॅडमचं लेक्चर."

"रोज?"

"रोज."

"लेक्चर नसताना पोहून बघितलंत कधी?"

वहिनी गडबडल्या. "सुरुवातीला. थोडे दिवस."

"तेव्हा गुडघा पूर्ण बरा झाला होता?"

"नाही, पण..."

"झालं तर मग."

बाहेर धाकट्या सरांनी डोळे मिटून घेतले. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं समजू नये, हे तर त्यांच्या विषयातलं पहिलंच प्रकरण. नोकरीला लागल्यापासून ते फळ्यावर हेच लिहीत आणि पुसत आले होते. दार ढकलून आत जायला एक पाऊल पुरेसं होतं. त्यांनी ते पाऊल उचललं, क्षणभर तसंच अधांतरी धरलं आणि आवाज न करता मागं ठेवलं.

अहवाल आला. मोजता येण्याजोगी फलनिष्पत्ती असलेला विद्यापीठातला एकमेव विभाग म्हणजे तत्त्वज्ञान, असं त्यात म्हटलं होतं. थोरल्या सरांच्या काठावरच्या अध्यापनाला आदर्श पद्धत म्हणून स्वतंत्र परिच्छेद होता. इतिहास विभाग बंद झाला आणि त्याची खोली ओले टॉवेल वाळत घालायला तत्त्वज्ञानाला मिळाली.

वर्तमानपत्रात बातमी छापून आल्यावर प्रवेशासाठी रांग लागली. गुडघे आले, कंबरा आल्या, आखडलेले खांदे आले. समितीतला तो जाडसा सदस्य पत्नीसह आला. थोरल्या सरांना तलावावर ध्वनिक्षेपक मिळाला, आणि आता ते पाण्याकडं तोंड करून बोलत, कारण गर्दी एवढी होती की पाणी दिसतच नव्हतं. मॅडमशी त्यांचं बोलणं सुरू झालं. फिरत्या खुर्च्या तीन आल्या होत्या.

वहिनी सुट्टी संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला गेल्या. या सुट्टीत त्या थोड्या निवल्या होत्या. बँकेतल्या बाईंच्या घरी जाऊन त्यांनी माफी मागितली होती. केस दाट आहेत असं तिथंही म्हटलं नाही, पण विरळ केसांना बरा दिसेल असा कट फुकट कापून दिला. नवऱ्याला म्हणाल्या होत्या, रंग वाईट आहे पण हात फार सफाईचा आहे. तो दोन दिवस विचार करून हसला होता. आणि या सगळ्यातून त्यांना एक प्रश्न पडला होता, जो जाता जाईना. खरं बोलायचं हे ठीक. पण सगळंच खरं, न विचारता, आत्ताच्या आत्ता बोलायचं, हे कुठं लिहिलंय? गप्प बसणं खोट्यात धरायचं की नाही? हा प्रश्न मॅडमना कधी विचारते असं त्यांना झालं होतं.

खिडकीवर तोच कारकून होता. या वेळी त्यानं मान वर केली.

"दुखण्याचा दाखला?"

"कसला?"

"नवा नियम. तत्त्वज्ञानाला प्रवेश हवा तर काहीतरी दुखत असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. जागा कमी, माणसं फार."

"माझा गुडघा बरा झाला."

"मग तुमचा लाभ पूर्ण झाला. तुमच्या नावापुढं तसा शेरा आहे."

वहिनी तडक विभागात गेल्या. थोरले सर टॉवेलांच्या वाटपाचं वेळापत्रक करत होते. वहिनींना बघून ते मनापासून आनंदले, त्यांना फिरती खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतल्यावर दार लोटून हळूच म्हणाले, "खांदा? मान? या वयात काहीतरी असेलच हो. नुसतं दुखतंय म्हणा, दाखल्याचं मी बघतो."

"नाही दुखत, सर."

"हट्ट करू नका. तुमच्यामुळं हे सगळं उभं राहिलं. तुम्हाला तलाव नाही म्हणजे काय!"

"मला तलाव नकोय. मला लेक्चरला यायचंय."

सरांना आधी ऐकूच आलं नसावं. मग त्यांनी वेळापत्रक उलटंसुलटं करून बघितलं.

"नुसतं लेक्चरला? कोरडं?"

"हो. वर्गात बसून."

"अहो, तशी सोय नाही," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. ते खरोखरच गोंधळले होते. "वर्ग राहिलेतच कुठं? एकात पंप बसवलाय."

वहिनी बाहेर पडल्या. जिना सहज उतरल्या आणि त्याचाच त्यांना संताप आला. मॅडम शोधत मागं आल्या, पण वहिनी थांबल्या नाहीत. प्रश्न विचारायचा होता, पण पाठ करायच्या त्या कागदावरून मॅडमशी त्यांचं अजून मिटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, पार्लरला सुट्टी असताना, मॅडम शटरखालून वाकून आत आल्या. वहिनी आणि नणंद साफसफाई करत होत्या. मॅडमनी इकडं तिकडं बघितलं आणि केस धुवायच्या खुर्चीवर अवघडून बसल्या.

"त्या कागदाबद्दल बोलायचं होतं. पाठ करायला दिलेल्या," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला मोजलं नाही."

वहिनींनी केरसुणी भिंतीला टेकवली. "नाही मोजलंत."

"तिथं आता मला कुणी काही विचारत नाही. गेल्या सोमवारी एकानं हात वर केला. मला वाटलं, आला प्रश्न. तो म्हणाला, पाणी जरा कोमट करा."

नणंद फसकन हसली. वहिनींना हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मग त्यांनी आपला प्रश्न विचारला, गप्प बसण्याचा. मॅडमनी उत्तर दिलं. वहिनींना ते पटलं नाही, त्यांनी तसं सांगितलं. मॅडमनी दुसऱ्या बाजूनं समजावलं. वहिनींनी त्यातलं एक वाक्य पकडून ठेवलं आणि सोडेनात. मॅडम खुर्चीवरून उठून येरझारा घालू लागल्या, आवाज चढला, बाहेरून जाणारी माणसं वाकून बघू लागली. नणंदेनं जमीन पुसून घेतली, आरसे पुसले, कात्र्या जागेवर लावल्या. दोघींपैकी कुणीच आवरतं घ्यायचं चिन्ह दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "मी निघते. दिवे तेवढे बंद करा," आणि अर्धं शटर खाली ओढून घरी गेली.